परवा

उदगीरला तहसीलच्या भिंतीला लागून
माझा टाइपरायटर बसतो, त्याच्यामागं मी.
वारसाचे, फेरफाराचे, राशनकार्डात नाव घालायचे अर्ज.
साठ रुपये, पान वाढलं की वीस.
'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत
बोटं आपली आपण जातात,
माझी गरज पडत नाही.

बुधवारी खुर्शीदबी आल्या.
पिशवीतून चष्मा काढला,
आधी मला नीट बघितलं, मग स्टुलावर टेकल्या.
नगरपालिकेला लिहायचंय.
नळ दहा दिवसाला येतो, पाऊण तास.
पलीकडचे नळाला मोटार लावतात,
आमच्या तोटीतून नुसता वारा,
शिट्टी वाजवत.

मी हाणलं: 'शेजाऱ्यांच्या बेपर्वाईमुळे'.
असल्या अर्जांत हा शब्द असतोच,
गोल शिक्क्यासारखा. कुणी वाचत नाही.

त्या वाकल्या. बघू, काय लिवलालाव.
शब्दावर बोट ठेवलं, नख मेंदीनं तांबूस.
ह्ये डोक्यावर काय बसवलंय?
रफार, म्हणालो.
काढा त्याला. र पुरा लिवा.
आमचे अब्बा निजामाच्या वक्ताला मुन्शी होते,
ह्याच कचेरीत. म्हणायचे,
परवा फारसीतून आली, कागदावर बसून आली.
परवा म्हंजे दुसरा माणूस मनात असणं.
बे म्हंजे नसणं.
तुम्ही असणंच झाकून टाकलं की रफाराखाली.
काय नाही, ते तरी दिसू द्या.

टाइपरायटरवर खोडता येत नाही.
नवा कागद चढवला.

नळ कधी आलता?
परवा.
तारीख टाकावी लागेल, म्हणालो.
टाका. आन् खाली हेही लिवा,
परवा सून येतीय देगलूरहून
चाळीस दिवसाचं लेकरू घेऊन.
लंगोट तरी धुवावे लागतील का नाही?

एकाच पानावर परवा दोनदा,
एक मागं तोंड करून, एक पुढं,
आणि त्यांच्या वरच्या ओळीत तिसरी, बे लावलेली.
तिचं ह्यांच्याशी नातं नाही, ठाऊक आहे मला.
नावं सारखी, कुळं वेगळी,
एका गल्लीत राहणाऱ्यांसारखी.
तरी कळा दाबता दाबता वाटलं,
बेपरवा म्हणजे तो,
ज्याला गेलेला परवा आठवत नाही
आणि येणारा दिसत नाही.
त्याच्याजवळ फक्त पाऊण तास
आणि अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार.

बरं जमलं, असंही वाटलं.

कुणाविरुद्ध? नाव सांगा.
नाव नाही माहीत.
निळं फाटक हाय. वर पत्र्याचा मोर.

मोराचा एक पाय वाकडा आहे.
जत्रेतून आणताना एसटीच्या दारात दुमडला होता,
मी सरळ करणार होतो.

तुमचं घर कुठलं?
मोराच्या पाठीमागचं.

सहा वर्षं झाली मला त्या घरात.
पहाटे भिंतीपलीकडं कुणीतरी खोकतं, एवढं माहीत होतं.
त्या खोकल्याला चष्मा असेल,
अब्बा असतील, सून असेल,
असं काही डोक्यात आलं नव्हतं.
टाकी भरली की मी झोपायचो परत.

त्यांना ठाऊक होतं का?
ह्या भिंतीला सात टाइपरायटर आहेत.
मान वर करून विचारायला हवं होतं.
मी रिबीन नीट करत बसलो.

नाव कोरं ऱ्हाऊ द्या, म्हणाल्या.
साठ रुपये मोजून ठेवले.
मी ढकलले परत.
त्यांनी पुन्हा माझ्याकडं सरकवले:
घ्या. अर्ज तुमचाच हाय.

मोटार काढून टाकली
असं लिहायला बरं वाटलं असतं.
वायर अजून खिळ्यालाच आहे.
बायको म्हणते, आपण काढली
तर कोपऱ्यावरचे बिरादार ओढतील सगळं,
आणि ते खोटंही नाही.

सून आली असावी.
पहाटे खोकल्याच्या जोडीला
आता एक बारीक रडणं असतं.

परवा नळ.